प्रस्तावना : रेफर केलेल्या माणसाचा प्रश्न

पांढुर्ण्यात किंवा सौंसरात आजार हाताबाहेर गेला, की घरातलं पुढचं वाक्य ठरलेलं असतं : "नागपूरला न्या." भोपाळ राजधानी असली तरी ती लांब. छिंदवाड्याला २०१९पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण नात्यागोत्याचा सगळा ओढा नागपूरकडे. सोयरीक तिकडची, संत्र्यांचा बाजार तिकडचा, मग दवाखानाही तिकडचाच. सरकारी 'मेडिकल'ला न्यायचं, 'मेयो'ला, की धंतोली-रामदासपेठेतल्या एखाद्या खासगी रुग्णालयात, एवढाच काय तो वाद. यात नवल काही नाही. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि १९४७ साली तिथं सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा या मुलखाच्याही हक्काचं होतं. पुढे राज्यं वेगळी झाली, सीमा मध्ये आली, पण आजारी माणसाची वाट तीच राहिली. ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर तालुका त्यात आला, तरी ही वाट बदललेली नाही.

इथला रुग्ण आपलं दुखणं मराठीत सांगतो. सरकारी दवाखान्यातला कारभार हिंदीत चालतो आणि नागपूरच्या खासगी रुग्णालयात पुढ्यात येणारं संमतिपत्र बहुधा इंग्रजीत छापलेलं असतं. गावातल्या औषधदुकानावर देखरेख करणारं खातं भोपाळचं, नागपूरच्या डॉक्टरची नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेत आणि औषध बनलेलं तिसऱ्याच राज्यात. या सगळ्यांच्या मधोमध खाटेवर एक माणूस आणि खाटेशी उभे असलेले दोन नातलग. काही बिनसलं तर त्यांनी विचारायचं कुणाला?

वैद्यकीय नीतीवरच्या या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना मला हाच प्रश्न सर्वांत मोठा वाटतो. या विषयावर बोलताना शपथा, घोषणापत्रं आणि थोर डॉक्टरांची चरित्रं पुढे येतात. त्यांचं मोल आहेच. पण सगळ्याचा पाया मला याहून साधा दिसतो. ज्याच्या देहावर काही केलं जाणार आहे त्याला विचारण्याची मुभा हवी, त्याला समजेल अशा शब्दांत उत्तर मिळायला हवं, आणि ते उत्तर देणारा माणूस आधीच ठरलेला हवा. शिक्षण, संशोधन आणि उपचार या तिन्ही क्षेत्रांत जिथं जिथं घात झाला, तिथं उत्तर देणारं कुणी नव्हतं, किंवा होतं ते पुढच्या टेबलाकडे बोट दाखवत होतं. सीमेवरच्या मुलखात ही टेबलं जास्त आणि त्यांच्यातलं अंतरही जास्त, म्हणून हा विषय पांढुर्णा-सौंसरकडून बघायला हवा असं मला वाटतं.

सर्वांत ताजी जखम शेजारचीच आहे. २०२५च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया या कोळसाखाणींच्या गावात लहान मुलांना सर्दी-ताप आला. पाऊस सरताना असा ताप येतोच. डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं, आईबापांनी ते चमच्यानं मोजून पाजलं. आणि काही दिवसांत एकेका मुलाची लघवी बंद झाली. उलट्या, अंगावर सूज, मग छिंदवाड्याहून तोच नेहमीचा रस्ता, नागपूर. तिथं डायलिसिस झालं, तरी मुलं एकामागून एक गेली. मूत्रपिंडाचे तुकडे तपासल्यावर विषारी द्रव्यानं झालेली इजा दिसली आणि संशय बाटलीकडे वळला. तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात श्रीसन फार्मास्युटिकल या कंपनीनं बनवलेल्या 'कोल्ड्रिफ' सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. औषधात ते ०.१ टक्क्याच्या वर असता कामा नये. वीसहून अधिक मुलं दगावली, बहुतेक पाच वर्षांच्या आतली. बहुतांश परासियाच्या बाजूची होती, पण मृतांच्या यादीत बैतूल आणि पांढुर्णा या शेजारच्या जिल्ह्यांचीही नावं आली.

डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यांत लागणारं द्रव्य, ब्रेक ऑइलमध्ये वापरतात तसलं. सिरपात औषध विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल लागतं. हे विष दिसायला हुबेहूब तसंच, चवीला गोडसर आणि भावाला स्वस्त. शरीरात गेल्यावर त्याचे जे अंश तयार होतात त्यांनी मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या मरतात. मूल ते हसत पितं, कारण ते गोड लागतं. कच्च्या मालाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी हा याला उपाय आहे आणि ती तपासणी महाग नाही. दुर्घटनेनंतर कारखान्याची पाहणी झाली तेव्हा तीनशेहून जास्त त्रुटी निघाल्या. त्या एका रात्रीत झालेल्या नसणार. कारखान्याला २०११पासून परवाना होता. एवढ्या वर्षांत आत कोण गेलं आणि काय पाहून बाहेर आलं?

बाटलीवरचं लेबल जवळून वाचलं तर आणखी एक गोष्ट कळते. कोल्ड्रिफ हे पॅरासिटॅमॉल, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांचं मिश्रण. क्लोरफेनिरामिन-फिनाइलेफ्रिन ही जोडी चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये आणि तसा इशारा बाटलीवर छापावा, असं देशाच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३मध्येच कळवलं होतं. म्हणजे औषध शुद्ध असतं तरी लहानग्यांसाठी ते योग्य नव्हतं. ज्या आईनं चमचा भरला तिनं बारीक इंग्रजी अक्षरं वाचून हे ओळखावं अशी अपेक्षा कुणी करू नये. वाचायचं काम औषध लिहिणाऱ्याचं आणि औषध देणाऱ्याचं होतं.

औषध लिहिणाऱ्या डॉक्टरला अटक झाली तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशननं निषेध केला. डॉक्टरला बाटलीतलं विष डोळ्यांनी दिसत नाही, दोष कारखान्याचा आणि औषध खात्याचा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यात तथ्य आहे. न्यायालयात जे व्हायचं ते होईल, त्यात मी पडत नाही. पण एवढ्या लहान मुलाला हे मिश्रण लिहावं का, हा प्रश्न विषाच्या आधीचा आहे आणि तो डॉक्टरांचाच आहे. सर्दी बहुतेक वेळा आपली आपण बरी होते. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची सिरपं देऊ नका, पाच वर्षांखालीही शक्यतो टाळा, हा सल्ला केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्या ऑक्टोबरात पुन्हा काढला. रिकाम्या हातानं परत पाठवलं तर पालक दुसऱ्या दवाखान्यात जातील, ही डॉक्टरची भीती खरी आहे. "काही लिहून द्या ना डॉक्टर," असं म्हणणारे आपणच असतो. तरीही 'औषधाची गरज नाही' हे समजावून सांगायला लागणारी पाच मिनिटं हा उपचाराचाच भाग आहे. त्या पाच मिनिटांचे पैसे मिळत नाहीत, बाटलीचे मिळतात. छोट्या गावातली वैद्यकीय नीती अशा पाच मिनिटांवर घसरते.

दुसरा प्रश्न वेळेचा. पहिल्या मुलाची लघवी बंद झाली त्या दिवसापासून बाटली तपासली जाईपर्यंत आठवडे गेले. औषधाचा दुष्परिणाम कळवायला देशात २०१०पासून यंत्रणा आहे, गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे. १८००-१८०-३०२४ हा तिचा विनाशुल्क क्रमांक. डॉक्टरच कशाला, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात, आणि त्यांच्यासाठीचा अर्ज मराठीतही आहे. पांढुर्ण्या-सौंसरातल्या किती दवाखान्यांच्या भिंतीवर तो क्रमांक लिहिलेला आहे, हे वाचकांनी आपापल्या गावात बघावं.

मराठी वाचकाला हे विष ओळखीचं असायला हवं होतं. जानेवारी-फेब्रुवारी १९८६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण याच डायएथिलीन ग्लायकॉलनं दगावले. ते भेसळीच्या ग्लिसरीनमधून त्यांच्या पोटात गेलं होतं. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं खरेदीपासून मंत्रालयापर्यंतची सगळी साखळी उघडी केली. औषध प्रशासनातली लाचखोरी, रुग्णालयातली बेफिकिरी, मंत्र्यांचा हस्तक्षेप, काहीही झाकून ठेवलं नाही. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला. त्याआधी १९७३मध्ये चेन्नईत, नंतर १९९८मध्ये गुडगावला, २०२०मध्ये जम्मूतल्या रामनगरला मुलं गेली. २०२२मध्ये भारतात बनलेल्या सिरपांशी जोडलेले सत्तरच्या आसपास बालमृत्यू गांबियात झाले. अमेरिकेत १९३७ साली शंभरावर माणसं याच द्रव्यानं मेली तेव्हा पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि विकण्याआधी औषध निर्धोक असल्याचं सिद्ध करणं बनवणाऱ्यावर बंधनकारक झालं. आपल्याकडे लेंटिन अहवालासारखा निर्भीड दस्तऐवज असूनही चाळीस वर्षांनी परासियात तेच घडतं, याचा मला संताप येतो. वैद्यकीय महाविद्यालयात हा अहवाल प्रत्येक विद्यार्थ्यानं वाचायला हवा.

विषाची बाटली ही टोकाची गोष्ट झाली. रोजची गोष्ट संमतीची आहे. नागपूरच्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभं राहिलं तर ती दिसते. "पेशंटचे कोण लागता?" "भाचा." "मग इथं सही करा, इथं, आणि मागच्या पानावर." भाचा शेतातून तसाच आलेला असतो. तो कागद वाचत नाही, कारण वाचण्यासारखा तो छापलेलाच नाही. आत मामा शुद्धीवर असतो, बोलू शकतो, आपल्या पोटाचं काय करणार हे त्याला जाणून घ्यायचं असतं. त्याला कुणी विचारत नाही. सही झाली, फाइल पुढे सरकली.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली समीरा कोहली खटल्यात याचा निकाल दिला आहे. रुग्ण भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन रुग्णाचं गर्भाशय आणि बीजांडं काढली होती, रुग्णानं स्वतः तपासणीची संमती तेवढी दिलेली होती. सज्ञान, शुद्धीवर येऊ शकणाऱ्या रुग्णाच्या जागी दुसऱ्या कुणाची सही चालत नाही आणि तपासणीच्या संमतीवर शस्त्रक्रिया करता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. जीव वाचवण्यासाठी क्षणाचाही उशीर परवडणार नसेल ती गोष्ट वेगळी. उपचाराचं स्वरूप, फायदे, धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल, एवढं तरी रुग्णाला कळायला हवं. गर्भपाताच्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. किती दवाखाने तरीही ती मागतात!

इथं दोष डॉक्टरांवर ढकलून मोकळं होता येत नाही. "त्यांना सांगू नका हं डॉक्टर, खचतील," असं कर्करोगाच्या रुग्णाबद्दल दाराआड सांगणारे आपणच. त्यामागे माया असते, पण त्या मायेनं माणसाचा हक्क जातो. शेतीची वाटणी करायची असेल, मुलीचं लग्न उरकायचं असेल, किंवा केमोथेरपी नको, घरीच राहायचं असेल, हे त्याचं त्याला ठरवू द्यायला हवं. रुग्णाला किती ऐकायचं आहे हे हळूहळू त्यालाच विचारणं, आणि तो म्हणेल तेवढं सांगणं, हे कौशल्य आहे. ते शिकवता येतं. २०१९पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा 'एटकॉम' हा भाग सक्तीचा झाला, तो याचसाठी.

भाषेचा मुद्दा इथं येतो. १६ ऑक्टोबर २०२२ला भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पाठ्यपुस्तकं प्रकाशित झाली. राज्यातल्या विद्यार्थ्याला आपल्या भाषेत शरीररचना शिकता यावी, ही इच्छा चांगलीच आहे. पण पांढुर्ण्याच्या म्हातारीला "पोटात कळ येते, वर्मी लागल्यासारखं होतं" एवढंच सांगता येतं. तिचं बोलणं समजून घेणं आणि तिला उलट सांगणं, हे पुस्तकाच्या भाषेनं आपोआप साधत नाही. जिल्ह्याच्या रुग्णालयात मराठी संमतिपत्र ठेवणं आणि ते वाचून दाखवायला एक माणूस नेमणं, याला मोठा निधी लागत नाही.

आता 'रेफर'. हा शब्द आपल्याकडे क्रियापदासारखा रुळला आहे : रेफर केलं, रेफर झाला. आवश्यक असेल तेव्हा रुग्णाला वेळेत पुढे पाठवणं हा चांगल्या डॉक्टरचा गुण. पण कुठं पाठवायचं याचा निर्णय रुग्णाच्या आजारावर ठरतो की पाठवणाऱ्याला मिळणाऱ्या पाकिटावर, हा प्रश्न प्रत्येक गावात कुजबुजत विचारला जातो. महाराष्ट्रात याला 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव विंचूदंशावरच्या संशोधनामुळे जगात पोचलं. त्यांनी एका तपासणी केंद्रानं रुग्ण पाठवल्याबद्दल धाडलेला १,२०० रुपयांचा धनादेश उघडकीला आणून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. रक्कम लहान होती, म्हणूनच ती तक्रार मोठी आहे. पुण्याचे डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी अनेक डॉक्टरांशी बोलून लिहिलेल्या 'कैफियत – प्रामाणिक डॉक्टरांची' या पुस्तकात हे आतून कळतं. कमिशन नाकारणारा डॉक्टर एकटा पडतो, त्याच्याकडे रुग्ण येणं कमी होतं, तरी तो आपली जागा सोडत नाही. अशी माणसं पांढुर्णा-सौंसरातही आहेत. त्यांच्या बाजूनं समाजानं उभं राहायला हवं, कारण कमिशन अखेर रुग्णाच्याच बिलातून जातं.

पैशाचा विचार करताना सीमा पुन्हा आडवी येते. आयुष्मान भारतचं कार्ड देशभर चालतं, म्हणजे नागपूरच्या संलग्न रुग्णालयात पांढुर्ण्याच्या कार्डावर उपचार मिळायला हवेत. महाराष्ट्राच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मात्र मध्य प्रदेशातल्या रहिवाशाला नाही. कर्नाटकाच्या सीमाभागातल्या ८६५ गावांना ही योजना द्यायचं महाराष्ट्रानं २०२३मध्ये ठरवलं. पांढुर्णा-सौंसर त्या सीमावादात कधी नव्हते, त्यामुळे त्या यादीतही नाहीत. रुग्ण कुठल्या कार्डावर दाखल होऊ शकतो हे दाखल करतानाच सांगणं, तिसऱ्या दिवशी बिल हातात देऊन न सांगणं, ही रुग्णालयाची नैतिक जबाबदारी आहे.

वैद्यकीय शिक्षणाबद्दल या राज्यात बोलायचं तर व्यापमं घोटाळा टाळता येत नाही. २०१३मध्ये उघड झालेल्या या घोटाळ्यात वैद्यकीय प्रवेशपरीक्षाच विकली गेली होती. दुसऱ्याच्या जागी परीक्षेला बसणारे, हुशार मुलाशेजारी मुद्दाम लावलेले आसनक्रमांक, असे सगळे प्रकार झाले. फेब्रुवारी २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ६३४ जणांचे प्रवेश रद्द ठरवले. त्यांतले काही तोवर शिक्षण संपवून डॉक्टर झालेले होते. समाजाचं नुकसान नको म्हणून त्यांना राहू द्यावं, असाही विचार न्यायालयापुढे आला होता. तो फेटाळला गेला आणि ते योग्य झालं असं मला वाटतं. ज्याचा पायाच फसवणुकीवर आहे तो रात्री दोन वाजता, कुणी बघत नसताना, खरा केसपेपर लिहील याची हमी कोण देणार? आणि खरेदी केलेली जागा, मग ती घोटाळ्यातली असो वा लाखोंच्या अधिकृत फीची, तिची वसुली शेवटी कुणाकडून होते हेही उघड आहे. फीच्या ओझ्याखाली वाकलेल्या तरुण डॉक्टरला कटपासून दूर राहा म्हणून नुसता उपदेश करणं पुरेसं नाही.

शिकताना रुग्णाच्या अंगावर हात ठेवावाच लागतो, त्याला इलाज नाही. 'मेडिकल'च्या वॉर्डात गरीब रुग्णाभोवती दहा-दहा विद्यार्थी उभे असतात. त्याला "हे शिकणारे विद्यार्थी आहेत, तपासू देता का?" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतात. त्या विचारण्यानं रुग्णाला मान मिळतो आणि विद्यार्थ्यालाही पहिला धडा मिळतो. सरकारी दवाखान्यात फुकट उपचार घेणाऱ्यानं फुकट देह वापरू द्यावा, असा करार कुठंही झालेला नाही.

संशोधनात हा गैरसमज आणखी घातक होतो, आणि त्याची उदाहरणं याच राज्यातली आहेत. इंदूरच्या सरकारी महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयांत तीन हजारांहून अधिक रुग्णांवर, त्यांतल्या निम्म्याहून जास्त मुलांवर, औषधांच्या चाचण्या झाल्या होत्या, हे २०१०-११मध्ये डॉ. आनंद राय आणि काही कार्यकर्त्यांच्या चिकाटीमुळे बाहेर आलं. मुलांना बाहेरगावचं चांगलं औषध मिळतंय एवढंच कित्येक पालकांना ठाऊक होतं. राज्य शासनानं १२ डॉक्टरांना दंड केला, प्रत्येकी ५,००० रुपये. इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं केंद्राला खडसावलं, आणि त्यातून पुढे नियम कडक झाले. दुर्बल गटातल्या सहभागींची संमती नव्या औषधांच्या चाचणीत चित्रफितीवर घ्यावी लागते, इजा झाली तर भरपाई द्यावी लागते. २०१९च्या नव्या औषध व चाचणी नियमांत हे आलं आहे. भोपाळची गोष्ट त्याहून कडू. वायुपीडितांसाठी उभारलेल्या रुग्णालयात २००४ ते २००८च्या काळात पीडितांवरच चाचण्या झाल्या. २०२०च्या डिसेंबरात कोविड लसीच्या चाचणीवेळी तिथल्या वस्त्यांमधल्या लोकांनी तक्रार केली, की आपल्याला लस म्हणून बोलावलं, ७५० रुपये दिले, चाचणी असल्याचं सांगितलं नाही. चाचणी घेणाऱ्या संस्थेनं ते नाकारलं. पण रोजंदारीवर जगणाऱ्यासाठी ७५० रुपये हे भाड्याचे पैसे राहत नाहीत, त्यांचं आमिष होतं, आणि हे नीती समितीतल्या प्रत्येकाला कळायला हवं.

मराठी मुलखात याचं दुसरं टोकही आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी नवजात बाळांच्या घरगुती काळजीवर केलेलं आणि १९९९मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेलं संशोधन गावाला विचारून, गावातल्याच बायांना शिकवून झालं, आणि त्याचा लाभ आधी त्याच गावांना मिळाला. मुंबईत १९९३मध्ये सुरू झालेलं, आज 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स' म्हणून ओळखलं जाणारं नियतकालिक डॉ. सुनील पंड्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढवलं. डॉक्टरांनीच डॉक्टरांच्या चुकांवर लिहायचं, हे त्या काळात धाडसाचं काम होतं.

पांढुर्णा-सौंसरच्या दृष्टीनं येत्या काळातला अवघड प्रश्न सिकलसेलचा ठरेल असा माझा अंदाज आहे. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात, आदिवासी आणि इतरही समाजांत, हा आनुवंशिक आजार आहे. १ जुलै २०२३ला शहडोलहून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि प्रत्येकाला कार्ड. लग्नाआधी दोघांची कार्डं जुळवून पाहा, असं सांगितलं जातं. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक, त्यामुळे सल्ला शास्त्रशुद्ध आहे. पण हे कार्ड गावात कुणाच्या हाती पडतं? आशाताईनं सगळ्यांसमोर नाव घेऊन "तुझं पॉझिटिव्ह आलं" म्हटलं, की त्या मुलीचं स्थळ मोडतं, तिच्या बहिणीचंही मोडतं. मुलाचं क्वचितच मोडतं. वाहक हा आजारी नसतो, ही एक गोष्ट चावडीवर दहादा सांगायला हवी, आणि कुणाचा निकाल काय आला हे फक्त त्यालाच, दार लावून सांगायला हवं. तपासणीचा आकडा गाठण्याच्या घाईत हे दुसरं काम राहून जातं.

एक विषय मी थोडक्यात नोंदवतो, कारण त्याला स्वतंत्र पुस्तक हवं. सौंसर तालुक्यातल्या जामसावळीच्या हनुमानाच्या देवस्थानात मानसिक आजाराची माणसं श्रद्धेनं आणली जातात. त्यांना हिणवून हाकलणं हा डॉक्टरी धर्म नव्हे, आणि आजार वाढताना डोळे मिटून घेणंही नव्हे. गुजरातेत उनावा इथल्या दर्ग्यात प्रार्थनेबरोबर मनोविकारतज्ज्ञांचं औषध देण्याचा प्रयोग वर्षानुवर्षं चालला आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीतही डॉक्टरांपुढे असाच पेच असतो. शेकडो डोकी फुटणार हे आदल्या दिवसापासून ठाऊक असतं, तंबू टाकून, टाक्यांचं सामान मांडून वाट पाहायची. जखमी कुठल्या तीरावरचा आहे हे न विचारता टाके घालायचे, हे तर डॉक्टर करतातच. पण दरवर्षी किती डोळे गेले, किती हाडं मोडली याची प्रामाणिक नोंद ठेवून ती गावापुढे मांडणं, हेही त्यांच्याच कामात येतं. परंपरेचं काय करायचं हे गावानं ठरवावं, पण आकडे लपवून नव्हे.

शेवटी वाचकाच्या हाती पडाव्यात अशा दोन-तीन गोष्टी. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ची आचारसंहिता आजही लागू आहे. २०२३ची नवी नियमावली निघाली आणि लगेच स्थगित झाली. त्या २००२च्या नियमांप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत नातलगानं मागितल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रं द्यावी लागतात. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. तक्रार डॉक्टरच्या वागणुकीची असेल तर ती ज्या राज्यात नोंदणी आहे त्या परिषदेकडे जाते, म्हणजे नागपूरच्या डॉक्टरची मुंबईला, इथल्याची भोपाळला. पण सेवेतल्या त्रुटीसाठी भरपाई मागायची असेल तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणच्या आयोगात दाद मागता येते. उपचार नागपुरात झाले म्हणून नागपूरच्या चकरा मारायची गरज उरलेली नाही. औषधाची बाटली आजार बरा होईपर्यंत फेकू नये. बॅच क्रमांक तिच्यावरच असतो, बिलावर तो बघून घ्यावा, आणि बिल मागूनच घ्यावं.